हलाखीची परिस्थिती : अर्जात किती सांगावी?

‘माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे.’ विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी अर्जात लिहिले असेल. पूर्वी काही गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. त्यांना दारात उभे राहावे लागे. आज दाराच्या जागी अर्ज आला आहे. मात्र त्यात घरचे दुःख किती सांगावे, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, सर्व अर्ज सारखे नसतात. आपल्याकडे कला शाखेचा प्रवेश बहुधा गुणांवर होतो. सरकारी शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका अशी कागदपत्रे लागतात. तेथे कहाणीला जागाच नसते. परंतु वसतिगृहाचा किंवा एखाद्या ट्रस्टच्या मदतीचा अर्ज कोणीतरी बसून वाचतो, पुढे मुलाखतही होते. तेथे ‘स्वतःविषयी व कुटुंबाविषयी लिहा’ अशी कोरी जागा असते. खरा प्रश्न त्या जागेचा आहे.

अमेरिकेत तर महाविद्यालयाच्या प्रवेशासाठीच पुष्कळ ठिकाणी असे लिहावे लागते. तेथील ‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जातील निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा आहे. आलेली अडचण व तिच्यातून मिळालेला धडा हा त्यातील एक विषय असतो. शिवाय घरच्या अडचणींसाठी निराळी, ऐच्छिक जागाही ठेवलेली असते. म्हणजे घरी काय घडले हे एक, आणि मी कोण आहे हे दुसरे. हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

मी वसतिगृहाचा अर्ज भरला तेव्हा हा भेद मला ठाऊक नव्हता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, विचारायचे कोणाला? पहिल्या कच्च्या कागदावर मी सगळेच ओतले. वाचून माझेच डोळे भरून आले. पण मी काय शिकते, मला काय हवे, याचा त्यात पत्ताच नव्हता. मग लाज वाटून दुसरा कागद केला : ‘वडील शेतमजूर, माणसे पाच.’ बारावीच्या वर्षी वडील ट्रॉलीवरून पडले, चार महिने अंथरुणाला खिळले, मी आईबरोबर भांगलणीला गेले आणि माझे गुण घसरले, हेही त्यात राहून गेले. पहिल्यात मी दिसत नव्हते आणि दुसऱ्यात माझे कारण दिसत नव्हते.

शेवटी पहिला कागद आईला वाचून दाखवला. तिला लिहिता-वाचता येत नाही. एका ओळीवर तिने मला थांबवले. “पडले ते लिही, पोरी. ते खरं हाय. पर हे नको. हे तुझं एकटीचं न्हाई.” ती ओळ मी खोडली, ती गोष्ट येथेही सांगत नाही. हे खोटे बोलणे झाले काय? मला तसे वाटत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे खोटे उत्तर देणे निराळे आणि न विचारलेले दुसऱ्याचे दुःख झाकणे निराळे.

तेव्हापासून मी तीन प्रश्न मनाशी धरले आहेत. या गोष्टीचा माझ्या शिक्षणावर काय परिणाम झाला? त्या वेळी मी काय केले? आणि ती सांगण्याचा अधिकार माझा आहे काय? तिन्हींची उत्तरे मिळाली तर ती तारीख-महिन्यासह दोन-चार ओळींत लिहावी. उरलेली जागा आपल्या अभ्यासाला द्यावी. मुलाखतीत ज्यावर बोलताना आपला गळा दाटेल, ते कागदावर घालण्यापूर्वी दहादा विचार करावा.

मला जागा मिळाली. ती गुणांमुळे, दाखल्यामुळे की त्या चार ओळींमुळे, हे मला कोणी सांगितले नाही. मुलाखतीत मात्र बारावीच्या गुणांविषयी विचारले, तेव्हा मान खाली न घालता उत्तर देता आले.

यंदा ज्यांना असा अर्ज लिहावयाचा असेल, त्यांनी कच्चा कागद आधी घरी वाचून दाखवावा, एवढीच विनंती.

(द्वितीय वर्ष, कला)