बॅटीचे तेल, भाकरीची चटणी

अकलूजच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे: ‘लहानपणी आम्ही नव्या बॅटीला जवसाचे तेल पाजायचो. आता हृदयासाठी तेच तेल प्या म्हणतात. बॅटीचे तेल माणसाला कसे चालेल?’ प्रश्न बिनतोड आहे. गंमत अशी की, ज्या गुणामुळे हे तेल बॅटीला चालते, त्याच गुणामुळे ते माणसालाही हवे असते. आणि तोच गुण त्याला लवकर नासवतो.

शेंगदाणा, करडई आणि जवस या सोलापूर जिल्ह्याच्या ओळखीची तीन तेलबिया. शेंगतेलातल्या मुख्य मेदाम्लाच्या साखळीत एक दुहेरी बंध, करडईच्या दोन, तर जवसाच्या तीन. दुहेरी बंधांच्या शेजारची जागा म्हणजे ऑक्सिजनला चिकटायला आयती संधी. मेंढीच्या लोकरीत गोखरू अडकतात, मग लोकर लोकरीत गुंतते आणि गठ्ठा होतो, तसे हे रेणू ऑक्सिजन धरून एकमेकांत गुंततात. म्हणून बॅटीवरचे जवसाचे तेल काही दिवसांत सुकून कातडी धरते. शेंगतेल लावले असते, तर बॅट महिनाभर चिकटच राहिली असती! (तेलाने भिजलेले बोळे मात्र गोळा करून टाकू नका. सुकताना ते तापतात आणि आपोआप पेटूही शकतात.)

रंगाच्या डब्यावर धरलेली अशीच साय फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज कारखानदाराने पाहिली आणि 1863 मध्ये तिच्यापासून जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचे पेटंट घेतले. नावातच जवस आहे: ‘लिनम’ म्हणजे जवस, ‘ओलियम’ म्हणजे तेल.

जवसाचे नाव आहाराच्या इतिहासातही आहे, पण तिथे एक नाव विसरले जाते. चरबी म्हणजे नुसते इंधन, ही शंभर वर्षांपूर्वीची समजूत. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने पांढऱ्या उंदरांच्या आहारातून चरबी पूर्ण वगळली. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले आले. 1929 च्या निबंधावर दोघांची नावे आहेत. उंदरांची रोजची देखभाल मिल्ड्रेडने केली, पण शोधाची गोष्ट सांगताना आठवतात ते जॉर्ज. पुढच्याच वर्षी या दोघांनी ज्याला अत्यावश्यक ठरवले ते लिनोलेइक आम्ल. हे नावही जवसावरूनच पडलेले. तीन बंधांचे आम्ल म्हणजे त्याचे भावंड, आजच्या जाहिरातींतले ओमेगा-3. जवसात सुमारे 40 टक्के तेल असते आणि त्यात निम्म्याहून अधिक वाटा याच आम्लाचा.

म्हणून बाटली आणावी? जरा थांबा. मासळीत जे ओमेगा-3 तयार मिळते, ते जवसातल्या आम्लापासून शरीर अगदी थोडेच बनवू शकते. ‘मासळीला पर्याय’ हा दावा त्यामुळे फुगवलेला आहे. शिवाय तेल काढले की ऑक्सिजनची वाट मोकळी होते आणि ते खवट होऊ लागते. रंगाच्या दुकानातले बेलतेल, म्हणजे रंगकामासाठीचे जवसाचे तेल, तर तोंडात घालूच नका. ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात.

या सगळ्यावरचा तोडगा आपल्या खलबत्त्यात आहे. अख्ख्या दाण्याचे टरफल तेलाला हवेपासून राखते. पण अख्खा दाणा न चावता गिळला, तर जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून कुटणे आले. कच्चा जवस कुटून भिजवला, तर त्यातून थोडे सायनाइड सुटते. म्हणून आधी भाजणे आले. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचा, लसूण, मिरची, मीठ घालून कुटायचा: आजीच्या या कृतीत रसायनशास्त्राची एकही पायरी चुकलेली नाही.

नीरेच्या कालव्यांनी अकलूज परिसरात ऊस आणला आणि ज्वारी-हरभऱ्यात जवसाचे तास टाकायची रीत मागे पडली. सकाळी उमलून दुपारी गळणारी ती निळी फुले आता मुख्यतः विदर्भात, उभ्या धानात बी फोकून घेतलेल्या उतेऱ्यात दिसतात. बांधाकडेला एखादा तास टाकून पाहा. नाहीतर बाजारातून अख्खा जवस आणा आणि आठवड्यापुरतीच चटणी कुटा. तेलाची बाटली बॅटीसाठी असू द्या.