बँडपथकाची बांधाबांध
तेलंगणातील जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे राजगोंड दिवाळीच्या दिवसांत गुस्साडी नृत्य करीत गावोगाव जातात. मोरपिसांचा भव्य टोप त्यांना पूज्य असतो. त्याला ते ओझे मानीत नाहीत. मार्लवाईच्या कनक राजूंनी ही कला अनेकांना शिकविली. २०२१ साली त्यांना पद्मश्री लाभली.

शाळेचे बँडपथक परगावी नेणाऱ्यांनीही वाद्यांविषयी हाच भाव ठेवावा. ढोलाचे चामडे दमट हवेत सैलावते, उन्हात आवळते; म्हणून तो सावलीत ठेवावा, वर पेट्या रचू नयेत. झांजांमध्ये फडके घालावे. बिगुलाचे मुख काढून निराळे गुंडाळावे. आपले वाद्य ज्याने त्याने सांभाळावे. वाटेत ढोल फाटला, तर वर्षभर तालीम केलेल्या मुलाला रिकाम्या हातांनी उभे राहावे लागते.