टर्कीच्या पोटातलं गणित

न्यू जर्सीला मुलीकडे गेलेल्या एका वाचक बाईंनी प्रश्न पाठवला आहे. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंग. जावयाच्या ऑफिसातली मंडळी जेवायला येणार म्हणून घरात पहिल्यांदाच अख्खी टर्की आली. सारण भरलेल्या १० पौंडांच्या टर्कीला ओव्हनमध्ये साधारण तीन तास लागतात, असं तक्त्यात होतं. घरात आली होती २० पौंडांची. बाईंनी त्रैराशिक मांडून सहा तास सांगितले. जावई म्हणाले, ‘‘नाही आई, पाच तासांच्या आत होईल.’’ आणि झालीही. ‘‘माझं त्रैराशिक कुठे चुकलं?’’ असं बाई विचारतात.

त्रैराशिक चुकलेलं नाही, ते इथे लागूच होत नाही. दुप्पट वजनाला दुप्पट वेळ लागला असता, जर उष्णता टर्कीच्या प्रत्येक कणाला एकाच वेळी भेटली असती. ती भेटते फक्त कातडीला. तिथून पुढे एका थराने दुसऱ्या थराला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी रखडत आत जाते. मांस म्हणजे बरंचसं पाणीच असल्यामुळे त्यातून उष्णता सरकण्याचा वेग जवळजवळ साचलेल्या पाण्यातल्याइतकाच असतो. तांब्यातून ती याच्या शेकडो पट वेगाने सरकते. या रखडण्याचं गणित फ्रान्सच्या जोसेफ फुरियेने १८०७ मध्ये पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवलं. लाग्रांजसारख्या दिग्गजाने त्यावर आक्षेप घेतला आणि फुरियेचा ग्रंथ छापून यायला १८२२ उजाडलं. त्यातून निघणारी एक गोष्ट स्वयंपाकघराच्या कामाची आहे: आतपर्यंतचं अंतर दुप्पट झालं की लागणारा वेळ चौपट होतो, अंतर तिप्पट झालं की नऊपट.

आपल्या भरल्या वांग्यांवर हे ताडून पाहू. लहान काटेरी वांगं जेमतेम पाच सेंटिमीटर जाडीचं. म्हणजे दाण्याचा कूट, खोबरं आणि गोडा मसाला यांच्या सारणाचा गाभा सालीपासून अडीच सेंटिमीटर आत. रश्शात झाकण ठेवून शिजवलं की पंधरा-वीस मिनिटांत मऊ होतं. आता सारणाने ठासून भरलेली मध्यम टर्की घ्या. तिची जाडी २० सेंटिमीटर धरली, तर गाभा १० सेंटिमीटर आत. अंतर चौपट, म्हणून वेळ सोळापट. पंधरा मिनिटं गुणिले सोळा बरोबर चार तास! पंधरा पौंडांच्या भरलेल्या टर्कीला खरोखरच चार तासांच्या आसपास लागतात. हिशेब इतका चोख जुळण्यात थोडा योगायोग आहे, हे कबूल. वांगं उकळत्या रश्शात बुडालेलं असतं आणि टर्की ओव्हनच्या कोरड्या हवेत. हवा १६३ अंशांची असली तरी ती उष्णता देण्यात भलतीच कंजूष, आणि टर्कीची ओली कातडी तर बराच वेळ शंभर अंशांच्या पलीकडे जायला तयारच नसते. दोन्ही फरक एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. पण वर्गाचा नियम मात्र दोन्हीकडे एकच. वांगी भरून शिजवणं हा अर्ध्या तासाचा खेळ राहतो आणि टर्की भरून भाजणं हे दिवसभराचं अनुष्ठान होतं, ते एवढ्यासाठीच.

वजनाचं उत्तरही यातूनच निघतं. टर्की मोठी होते तेव्हा ती लांबी, रुंदी आणि जाडी तिन्हीकडे वाढते. वजन जाडीच्या घनाने वाढतं, वेळ जाडीच्या वर्गाने. म्हणून वेळ वजनाच्या दोन-तृतीयांश घातानुसार वाढतो. हे सूत्र टर्कीसाठी मांडून ठेवणारा माणूस आचारी नव्हता. तो होता वोल्फगांग पानोफ्स्की, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या रेषीय कणत्वरकाचा, म्हणजे ‘स्लॅक’चा, पहिला संचालक.

हा पानोफ्स्की माझा जुना लाडका. जन्म १९१९, बर्लिन. वडील एर्विन हे कलेतिहासाचे जगप्रसिद्ध पंडित. हिटलर आल्यावर कुटुंब अमेरिकेत आलं. दोघे भाऊ प्रिन्स्टनमध्ये इतके हुशार निघाले की एकाला ‘हुशार पानोफ्स्की’ आणि दुसऱ्याला ‘ढ पानोफ्स्की’ म्हणण्याचा विनोद तिथे रुळला. त्यातला दुसरा पुढे हवामानशास्त्रातला मोठा माणूस झाला, यावरून पहिल्याची कल्पना यावी. वोल्फगांगला सगळे ‘पीफ’ म्हणत. बुटका, हसरा माणूस. दुसऱ्या महायुद्धात त्याने स्फोटाच्या धक्क्याची लाट मोजणारं उपकरण घडवलं आणि पहिल्या अणुचाचणीच्या वेळी विमानातून तो स्फोट पाहिला. नंतरचं आयुष्य त्याने अण्वस्त्रांना लगाम घालण्याच्या खटपटीत घालवलं. त्याने उभारलेल्या तीन किलोमीटरहून लांब यंत्रात प्रोटॉनच्या पोटात आणखी बारीक कण असल्याचा पुरावा मिळाला. त्याबद्दलचं नोबेल इतरांना मिळालं. पीफला कधीच नाही.

अशा माणसाला ‘दर पौंडाला तीस मिनिटं’ हा घरगुती नियम खटकला नसता तरच नवल. त्याने लिहिलं: टर्कीचं सारणासकट पौंडांतलं वजन घ्या, त्याचा दोन-तृतीयांश घात काढा, १.५ ने भागा; येतील ते तास. ओव्हन ३२५ फॅरनहाइट, म्हणजे १६३ सेल्सियस. २००७ मध्ये तो गेला आणि पुढच्या वर्षी प्रयोगशाळेच्या वार्तापत्रात हे सूत्र ‘पानोफ्स्की टर्की स्थिरांक’ म्हणून छापून आलं. आकडेमोड करायला घनसंख्या सोयीच्या. ८ चं घनमूळ २, त्याचा वर्ग ४, भागिले दीड: दोन तास चाळीस मिनिटं. २७ पौंडांच्या धिप्पाड पक्ष्याचं घनमूळ ३, वर्ग ९, म्हणजे सहा तास. वजन साडेतीनपटीच्या जवळ गेलं, वेळ सव्वादोनपटच. ‘दर पौंडाला तीस मिनिटं’ धरली असती, तर याच पक्ष्याला साडेतेरा तास आत ठेवावं लागलं असतं. बाहेर आलं असतं ते पुरण्याच्या लायकीचं.

अमेरिकी कृषी विभागाच्या तक्त्याशी मी हे पडताळून पाहिलं. सारणासह १० पौंडांच्या पक्ष्याला विभाग तीन ते साडेतीन तास देतो. सूत्र म्हणतं तीन तास पाच मिनिटं. २२ पौंडांना विभागाचे पावणेपाच ते सव्वापाच तास. सूत्राचे पाच तास चौदा मिनिटं. बाईंच्या २० पौंडांना सूत्र चार तास पंचावन्न मिनिटं देतं. जावईबापूंना हे सूत्र ठाऊक असावं, अशी मला दाट शंका आहे.

तरीही नोव्हेंबर आला की ‘शास्त्रज्ञांनी परिपूर्ण टर्कीचं कोडं सोडवलं’ अशा थाटाचे मथळे झळकतात, ते वाचून हसू येतं. सूत्रातला दोन-तृतीयांश हा भाग फुरियेचा, तो भक्कम. तो १.५ मात्र पीफने स्वयंपाकघरात अनुभवाने ठरवला. ओव्हनचा खोटारडेपणा, फ्रीजमधून काढलेल्या पक्ष्याचा गारठा, सारण किती दाबून भरलं, हे सगळं त्या एका आकड्यात गुंडाळलेलं आहे. किलोत वजन घेतलंत तर आकडाही बदलतो (घाताला १.१३ ने गुणायचं). सूत्र पाहुण्यांना किती वाजता बोलवायचं ते सांगेल. टर्की झाली की नाही, हे फक्त आत खुपसलेला थर्मामीटर सांगतो.

आणि तो खुपसायचा कुठे, हाच तर खरा पेच. पोकळ टर्की म्हणजे हाडांवर बसवलेलं काही सेंटिमीटर जाडीचं मांस. पोकळीत पाव, कांदा, सेलरी, सेज आणि लोणी यांचं सारण कोंबलं की कवचाचा गोळा होतो आणि सर्वांत थंड बिंदू मांसातून सरकून सारणाच्या मधोमध जातो. त्यातच कच्च्या मांसाचा रस वरून पावात झिरपतो. त्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतो. म्हणून कृषी विभागाचा दंडक असा की सारणाचा मध्यसुद्धा ७४ अंशांना पोचलाच पाहिजे.

इकडे छातीच्या मांसाची तक्रार वेगळी. ६५ अंश ओलांडले की त्यातली प्रथिनं आवळत जातात आणि रस पिळून बाहेर टाकतात. सारण ७४ ला पोचेपर्यंत बाहेरच्या बाजूची छाती त्याच्या बरीच पुढे गेलेली असते: भुसा. तंगड्यांचं म्हणणं नेमकं उलटं. टर्की दिवसभर चालणारा पक्षी. तिच्या पायांत चिवट कोलॅजन भरपूर, आणि ते विरघळून मऊ व्हायला पंचाहत्तरीच्या पुढचं तापमान आणि वेळ दोन्ही लागतं. एका ओव्हनमध्ये, एकाच वेळी, एका पक्ष्याची तीन वेगवेगळी मागणीपत्रं.

यात माणसाने स्वतःच भर घातली आहे. मूळची मेक्सिकोतली टर्की सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर युरोपात आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. गोव्यातूनच दरबारी मुकर्रब खानाने १६१२ मध्ये ती जहांगीर बादशहाकडे नेली. तिच्या डोक्या-मानेचे सारखे पालटणारे रंग पाहून बादशहा इतका चकित झाला, की त्याने ते रोजनिशीत लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गेल्या शतकात मात्र अमेरिकी पैदासकारांनी रुंद छातीची पांढरी जात अशी फुगवली, की त्या पक्ष्यांना नैसर्गिक समागमसुद्धा जमत नाही. पैदास कृत्रिम रेतनानेच होते. जो भाग लवकर कोरडा पडतो, नेमका तोच वाढवून ठेवला. अन्नविज्ञानाचे लेखक हॅरल्ड मगी यांचा तोडगा मला आवडतो: ओव्हनमध्ये घालण्याआधी फक्त छातीवर बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या, म्हणजे छाती शर्यतीला मागून सुरुवात करते आणि तंगड्यांबरोबर पोचते.

आता कातडी. ‘आधी भडक आचेवर भाजून घ्या, म्हणजे रस आत कोंडला जातो,’ हा सल्ला अजून ऐकू येतो. त्याचा उगम १८४७ च्या सुमारास युस्टुस फॉन लीबिग या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लिखाणात आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. भाजलेला थर पाणी अडवत नाही. तो देतो ती चव आणि तो तांबूस रंग.

त्या रंगाला सगळं जग ‘मेयार अभिक्रिया’ म्हणतं. लुई-कामीय मेयार या फ्रेंच वैद्याने १९१२ मध्ये शर्करा आणि अमिनो आम्लं एकत्र तापवून तपकिरी रंग मिळवला. पण त्याला स्वयंपाकात रस नव्हता. जिवंत पेशीत प्रथिनं कशी घडतात हे त्याला शोधायचं होतं. त्याचं काम तीसेक वर्षं जवळपास विस्मृतीत गेलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना पाठवलेली अंड्याची भुकटी तपकिरी पडून बेचव होऊ लागली, तेव्हा अमेरिकेला ते आठवलं. पण एका रंगामागे घडणाऱ्या डझनावारी अभिक्रियांचा गुंता सोडवून त्याचा नकाशा काढला तो जॉन हॉज याने, १९५३ मध्ये, इलिनॉयमधल्या पिओरिया गावच्या कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत. हॉज कॅन्ससमध्ये १९१४ साली जन्मलेला कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेच्या निम्म्या भागात त्याला गोऱ्यांच्या खाणावळीत बसूही देत नव्हते, त्या काळात त्याने भाजलेल्या अन्नाच्या चवीचा पाया समजावून दिला. आजही या विषयाचं पाठ्यपुस्तक उघडलं की त्याचीच आकृती थोडी डागडुजी करून छापलेली दिसते. टीव्हीवरचे शेफ उठता-बसता ‘मेयार, मेयार’ करतात. हॉजचं नाव मी त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून ऐकलेलं नाही.

टर्कीच्या सारणाचा निवाडा मी हॉजच्या आकृतीवरूनच करीन. तपकिरी होण्याच्या अभिक्रियांना कोरडा पृष्ठभाग आणि शंभराच्या बऱ्याच वरचं तापमान लागतं. पक्ष्याच्या पोटात सारण ओलं असतं आणि चौऱ्याहत्तरलाच थांबतं. ते पाच तास आत राहिलं तरी वाफवल्यासारखंच राहणार. तेच वेगळ्या पसरट ट्रेमध्ये, पक्ष्याच्या मानेचा आणि हाडांचा रस्सा घालून भाजलं, तर वरचा थर खरपूस होतो, आतला मऊ राहतो, आणि जाडी पाच सेंटिमीटरच्या आत असल्यामुळे चार-पाच तासांचं काम पाऊण तासात उरकतं. टर्कीही मोकळ्या पोटाने लवकर होते आणि छातीचा भुसा होत नाही. पोटात भरलेल्या सारणाचीच चव खरी, असं ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानतात, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. फक्त वाढण्याआधी थर्मामीटर सारणाच्या मधोमध घाला, आणि जेवणं झाल्यावर उरलेलं सारण पक्ष्याच्या पोटात राहू देऊ नका. उष्णता आत शिरताना जितकी रखडते, तितकीच बाहेर पडतानाही रखडते.