मांजर अजून किती दूर?

श्रोडिंगरचं मांजर आता इतकं लाडकं झालंय की ते मुळात टोमणा म्हणून जन्माला आलं याचा विसर पडतो. १९३५ साली एर्विन श्रोडिंगर यांनी बंद पेटी, किरणोत्सारी अणू, विषाची कुपी आणि मांजर अशी मांडणी कागदावर केली. अणूचा ऱ्हास झाला तर कुपी फुटणार, नाही तर मांजर वाचणार. पुंजभौतिकीचं समीकरण शब्दशः मानलं, तर पेटी उघडेपर्यंत जिवंत आणि मृत या दोन्ही अवस्थांचं अध्यारोपण मानावं लागतं. हे हास्यास्पद आहे, मग सिद्धान्तात नक्की काय अपुरं आहे ते सांगा, असा त्यांचा रोख होता. नव्वद वर्षांनंतर त्या आव्हानाचं काय झालं, हे पाहण्यासारखं आहे. कारण हा प्रश्न आता प्रयोगशाळेत पोचला आहे.

आधी एक गैरसमज बाजूला सारू. अध्यारोपण म्हणजे आपलं अज्ञान नव्हे. मुठीत झाकलेलं नाणं छापा तरी असतं किंवा काटा तरी; आपल्याला ते ठाऊक नसतं, एवढंच. पुंजभौतिकीत मात्र दोन्ही शक्यता एकमेकींवर परिणाम करतात. इलेक्ट्रॉन एकेक करून दोन फटींकडे सोडले, तर पडद्यावर हळूहळू गडद-फिक्या पट्ट्यांची नक्षी उमटते. जपानमध्ये अकिरा तोनोमुरा यांच्या गटाने १९८९ मध्ये हे ठिपक्या-ठिपक्याने दाखवलं. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकाच फटीतून गेला असता, तर ही नक्षी उमटली नसती. तिला व्यतिकरण म्हणतात, आणि अध्यारोपणाचा पुरावा मागायचा तो तिथेच.

वाढत गेलेला रेणू

मग हा पुरावा किती मोठ्या वस्तूंसाठी मिळतो? व्हिएन्नात मार्कुस आर्न्ट आणि अँटोन झायलिंगर यांच्या गटाने १९९९ मध्ये साठ कार्बन अणूंचा, फुटबॉलसारख्या घडणीचा रेणू, फुलरिन, घेतला. भट्टीतून निघालेले हे रेणू शंभर नॅनोमीटर अंतरावर फटी असलेल्या जाळीतून गेले आणि पलीकडे व्यतिकरणाची नक्षी उमटली. पुंजभौतिकीत कणालाही तरंगलांबी असते; या रेणूची ती त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या कैकशे पटींनी लहान होती, तरी ती जाणवली. याच शहरात २०१९ मध्ये सुमारे दोन हजार अणूंचे रेणू, हायड्रोजन अणूच्या पंचवीस हजार पटींहून जड, या कसोटीला उतरले. अलीकडे तिथेच सोडियमच्या हजारो अणूंचे कण वापरले गेले. त्यांचं वस्तुमान दीड लाख हायड्रोजन अणूंहून जास्त आहे. इतक्या प्रवासात ‘यापुढे नियम बदलतात’ असं सांगणारी खूण कुठेही सापडलेली नाही.

मग क्रिकेटचा चेंडू का पसरत नाही? ताशी दीडशे किलोमीटरने येणाऱ्या चेंडूची तरंगलांबी मीटरच्या एकावर चौतीस शून्यं इतक्याव्या भागाच्या आसपास येते, म्हणजे प्रोटॉनपेक्षाही अब्जावधी पटींनी लहान. पण हे अर्धंच उत्तर आहे. खरं कारण आजूबाजूच्या जगात आहे.

बातमी फुटते

व्यतिकरण टिकायचं तर वस्तू कोणत्या मार्गाने गेली याची खबर कुठेही नोंदली जाता कामा नये. हवेचा एक रेणू आपटला, एक प्रकाशकण उसळून गेला, तरी खबर बाहेर पडते आणि दोन शक्यतांमधला कलासंबंध, म्हणजे त्यांच्या तरंगांमधला ताळमेळ, परिसरात विरून जातो. यालाच डिकोहेरन्स म्हणतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एच. डीटर त्से यांनी १९७० मध्ये हा विचार मांडला आणि अमेरिकेत वोयचेख झुरेक यांनी तो पुढे नेला. झुरेक यांच्या अंदाजानुसार, खोलीच्या तापमानाला एक ग्रॅमची वस्तू एक सेंटिमीटर अंतरावरच्या दोन जागी ‘असेल’, तर ती स्थिती घर्षणाने गती मंदावण्याच्या काळापेक्षा दहाच्या चाळिसाव्या घाताइतक्या पटींनी आधी मोडते. घर्षणाला विश्वाचं वय लागत असलं, तरी अध्यारोपणाला सेकंदाचा क्षुल्लक अंशही मिळत नाही.

हे केवळ गणित नाही. व्हिएन्नाच्या गटाने २००४ मध्ये सत्तर कार्बन अणूंचे रेणू उड्डाणापूर्वी लेसरने तापवले. तापलेले रेणू स्वतःच प्रकाशकण बाहेर टाकू लागले, आणि तापमान वाढेल तशी पट्ट्यांची नक्षी फिकी होत गेली. आकार तोच, वस्तुमान तेच; फरक फक्त बोलकेपणाचा. पॅरिसमध्ये सर्ज अरोश यांच्या गटाने १९९६ मध्ये पोकळीत अडकवलेल्या सूक्ष्मलहरींच्या दोन अवस्थांचं अध्यारोपण विरताना पाहिलं. दोन अवस्थांमधलं अंतर जेवढं जास्त, तेवढं विरणं वेगवान.

म्हणून जे बाहेरच्यांना कमी बोलतं, ते मोठं असूनही पुंज-वागणूक दाखवू शकतं. जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८४–८५ मध्ये हाताळण्याजोग्या अतिवाहक परिपथात पुंज-बोगदा, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही अडथळ्यापलीकडे जाणं, दाखवला; त्यासाठी त्यांना २०२५ चं नोबेल मिळालं. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात लाखो कोटी अणूंचं कंप पावणारं पातं अतिशीत करून पुंज-अवस्थेत आणलं गेलं. २०२३ मध्ये झुरिकच्या गटाने सोळा मायक्रोग्रॅमच्या नीलमणी स्फटिकाचं दोन विरुद्ध दिशांच्या कंपनांचं अध्यारोपण केलं. मात्र तिथल्या दोन अवस्थांमधलं अंतर अणूच्या आकाराहून कितीतरी लहान होतं. वस्तुमान आणि अंतर दोन्ही एकाच वेळी मोठी मिळत नाहीत, हाच आजचा अडसर.

जिवंत असण्याची किंमत

सजीवांबद्दल दावे अधिक रंजक आणि अधिक घसरडे आहेत. २०२० मध्ये पंधरा अमिनो आम्लांच्या ग्रॅमिसिडिन या प्रतिजैविकाचं व्यतिकरण दिसलं, पण ते जीवनाच्या घटकाचं होतं, जीवाचं नव्हे. हरितगंधक जीवाणूंच्या प्रकाशसंश्लेषणात २००७ मध्ये पुंज-स्पंदनं दिसल्याचा मोठा गाजावाजा झाला. पुढच्या अभ्यासांनी त्यातला बराच भाग रेणूंच्या साध्या कंपनांकडे वळवला. युरोपीय रॉबिन पक्ष्याच्या डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम प्रथिनाचा होकायंत्रासारखा उपयोग होत असावा, ही कल्पना अजून जोरदार आहे, पण तिथे पुंज आहेत ते दोन इलेक्ट्रॉनांचं फिरतं चुंबकत्व, अख्खा पक्षी नव्हे. २०२१ मध्ये टार्डिग्रेड या सूक्ष्म, चिवट प्राण्याला अतिवाहक क्युबिटशी, म्हणजे एका पुंज-परिपथाशी, गुंतवल्याचं संशोधकांनी जाहीर केलं. प्राणी गोठूनही पुन्हा जागा झाला, हे खरं. पण परिपथातला बदल सामान्य विद्युत्-परिणाम म्हणूनही समजावता येतो, असा आक्षेप अनेकांनी घेतला.

यामागे योगायोग नाही. जीव म्हणजे अखंड देवाणघेवाण: श्वास, उष्णता, घाम, आहार. अध्यारोपणाला हवी ती अगदी उलट गोष्ट, म्हणजे पूर्ण एकांत आणि थंडी. ज्या क्षणी मांजर पुरेसं शांत होईल, त्या क्षणी त्याला मांजर म्हणणंच अवघड. मेंदूत न्यूरॉन-पातळीवर अध्यारोपण टिकतं का, हे मॅक्स टेग्मार्क यांनी २००० मध्ये मोजलं तेव्हा विचाराच्या वेळेपेक्षा अब्जावधी पटींनी लहान आयुष्य हाती आलं.

तरी एक गाठ सुटलेली नाही. डिकोहेरन्सने हे कळतं की जिवंत आणि मृत यांच्यात व्यतिकरण का दिसत नाही. पण प्रत्यक्षात एकच निकाल का दिसतो, हे कळत नाही. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये सगळेच निकाल खरे मानले. १९८६ मध्ये गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी समीकरणच किंचित बदललं: कण स्वतःहून क्वचितच ‘कोसळतो’, पण मोठ्या वस्तूत कण अगणित असल्याने ती लगेच एका जागी स्थिरावते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा असलेले तेजिंदर सिंग यांचा या कोसळण्याच्या प्रतिमानांवरचा, इतरांसोबतचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आजही या क्षेत्राचा नकाशा म्हणून वापरला जातो. अशा प्रतिमानांची भाकितं पुंजभौतिकीपेक्षा वेगळी असतात, म्हणून व्हिएन्नातला प्रत्येक जडतर रेणू त्यांची जागा थोडी आक्रसतो.

म्हणून मांजराला सूट देणारी कोणतीही सीमारेषा अद्याप सापडलेली नाही, आणि ती शोधण्याचा मार्ग मात्र सापडला आहे. श्रोडिंगरने विचारलेला प्रश्न अवघड झाला नाही. तो मोजता येण्याजोगा झाला, आणि विज्ञानात ही प्रगती लहान नाही.