प्रकाशाला गाठता येईल काय?

वेग सतत वाढवीत नेला, तर एखादी वस्तू कधीतरी प्रकाशाच्या वेगाला पोहोचेल काय, हा प्रश्न आमच्या वसतिगृहातील मुले दरवर्षी विचारतात. विचारणारा विद्यार्थी बहुधा हिशेब करूनच आलेला असतो, आणि तो हिशेब वरकरणी बिनचूक असतो. उंचावरून सोडलेल्या दगडाचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो. त्याच त्वरणाने एखादे यान वर्षभर धावले, तर साध्या गुणाकाराने त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी ९० लाख मीटर होतो. प्रकाशाचा वेग आहे सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. म्हणजे वर्ष सरण्यापूर्वीच प्रकाश मागे पडावयास हवा.

यावर 'आइन्स्टाइन नाही म्हणतात, म्हणून नाही' असे उत्तर देणे सोपे आहे. परंतु ज्या शाळेत कालाम सुत्त शिकविले जाते, तेथे विज्ञानाच्या तासाला मोठ्या नावाचा धाक घालून मुलाला खाली बसविणे आम्हांस उचित वाटत नाही. आमचा विषय इतिहास; आम्ही पुरावा विचारणार, आणि पुरावा फार दूर नाही.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जन्मभूमीस, महूला जातात. इंदूरहून महूकडे जाताना राजेंद्रनगर हे स्थानक लागते. त्याच परिसरात राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र असून तेथे 'इंडस-२' नावाचे यंत्र आहे. सुमारे १७२ मीटर परिघाच्या वर्तुळाकार निर्वात नळीतून इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे सतरा लाख फेऱ्या मारतात आणि प्रत्येक फेरीत त्यांना विद्युत् धक्का मिळतो. आमच्या विद्यार्थ्याने कल्पिलेला प्रयोग तेथे प्रत्यक्ष चालतो.

इलेक्ट्रॉनला गती देण्याचे काम तीन टप्प्यांत होते. पहिल्या यंत्रातून तो बाहेर पडतो तेव्हा त्याची ऊर्जा दोन कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, आणि एवढ्यातच तो प्रकाशाच्या मागे सेकंदाला केवळ नव्वदएक किलोमीटर उरलेला असतो. दुसऱ्या यंत्रात ऊर्जा पंचावन्न कोटींवर जाते. आता तो मागे आहे सेकंदाला सुमारे १३० मीटर. अखेर इंडस-२ मध्ये ऊर्जा अडीचशे कोटींपर्यंत चढविली जाते. या शेवटच्या टप्प्यात ऊर्जा साडेचार पट वाढली, परंतु वेगात भर पडली सव्वाशे मीटरांच्याही आतली. उरलेले अंतर सेकंदाला सहा मीटरांचे. म्हणजे प्रकाश या इलेक्ट्रॉनच्या पुढे जातो तो जोरात हाकलेल्या सायकलीच्या वेगाने! तरीही ते अंतर शून्य होत नाही. ऊर्जा दुप्पट केली तर ते चौथाई होईल, पुन्हा दुप्पट केली तर त्याच्याही चौथाई.

न्यूटनच्या जुन्या सूत्राने हिशेब केला असता, तर याच ऊर्जेला इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या ९९ पट निघाला असता. तसे घडते तर फेरीचा काळ आणि धक्क्याचा ताल यांचा मेळच बसला नसता. यंत्र चालते, हाच येथे पुरावा होय.

मग ओतलेली ऊर्जा जाते कोठे? ती इलेक्ट्रॉनच्या संवेगात साठते. म्हणूनच त्याला वर्तुळात वळविणाऱ्या चुंबकांचे बळ ऊर्जेच्या प्रमाणात, साडेचार पटच, वाढवावे लागते. जुनी क्रमिक पुस्तके यालाच 'वस्तुमान वाढते' म्हणत. आमच्या मते तो शब्दप्रयोग टाळलेला बरा, कारण मुलांना इलेक्ट्रॉन फुगत चालल्याचा भास होतो. खरी गोष्ट अशी की वेगांची बेरीज साधी बेरीज नसते. प्रकाशाच्या निम्म्या वेगाने जाणाऱ्या यानातून पुढच्या दिशेस तितक्याच वेगाने दुसरे यान सुटले, तर जमिनीवरून त्याचा वेग प्रकाशाइतका नव्हे, चार पंचमांश भरतो. बैलगाडी आणि रेल्वेच्या वेगांना हा फरक इतका सूक्ष्म असतो की शतकानुशतके तो कोणाच्या ध्यानी आला नाही.

आता ते वर्षभराचे यान पुन्हा पाहू. वर्षाअखेरीस त्याचा वेग प्रकाशाच्या सुमारे ७२ टक्के होईल, दोन वर्षांनी ९०, पाच वर्षांनी ९८, दहा वर्षांनी साडेनव्याण्णव. आतील प्रवाशाला पाठीशी तोच धक्का अखंड जाणवत राहील. त्वरण थांबणार नाही. मात्र पृथ्वीवर दहा वर्षे लोटली असता त्याच्या घड्याळात तीन वर्षेही पूर्ण झालेली नसतील.

त्रिपिटकाच्या वाचकांना येथे रोहितस्स आठवेल. समुद्रापासून समुद्रापर्यंत एक पाऊल टाकणारा तो ऋषी जगाचा अंत गाठण्यासाठी शंभर वर्षे चालला आणि वाटेतच मरण पावला. त्या सुत्तात सापेक्षता सिद्धांत शोधण्याचा मोह काही मंडळींना होतो, तो आवरावा. तेथे भगवंत दुःखाच्या अंताविषयी बोलत आहेत, प्रकाशाविषयी नव्हे. पुराणांतील विमानांना आपण हसतो, तर तोच न्याय आपल्या ग्रंथांनाही लागू करावा लागेल.

घड्याळ मंदावण्याची गोष्ट मुलांना सर्वांत अविश्वसनीय वाटते. मुंबईत जन्मलेले होमी भाभा यांनी १९३८ मध्ये, केंब्रिजला असताना, विश्वकिरणांतील वेगवान कणांवरून तिची परीक्षा होऊ शकेल असे सुचविले होते. असा एक कण म्हणजे म्यूऑन. तो वातावरणात सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मतो आणि स्थिर असता सरासरी सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या २.२ पट एवढाच काळ टिकतो. तेवढ्या काळात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जाईल. या हिशेबाने जमिनीवर म्यूऑन जवळजवळ पोहोचूच नयेत. प्रत्यक्षात दर मिनिटास दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक येतो, कारण एवढ्या वेगात त्याचे घड्याळ आपल्या मानाने संथ चालते. वर्ध्यात उघड्या धरलेल्या तळहातातूनही ते मिनिटाला शंभराच्या आसपास आरपार जातात. त्यांतील एकही प्रकाशाच्या वेगाने जात नसतो.