गावाकडचा रॅपर आणि त्याच्या गाण्याची मालकी

भीमजयंतीच्या मिरवणुकीत आता भीमगीतांच्या जोडीला रॅपही वाजू लागला आहे. परभणी, पूर्णा, गंगाखेड, जिंतूर भागात काम करताना आम्हाला वहीत रॅप लिहिणारी आणि मोबाईलवर रेकॉर्ड करणारी मुलं भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यावर पोट भरेल का? आमचं उत्तर असं की नुसत्या व्ह्यूजवर भरणं अवघड आहे. आणि गाण्याची मालकीच हातची गेली, तर मग काहीच उरत नाही.

हा मार्ग आपल्याला नवा नाही. रॅपचा जन्म १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत झाला. त्याच्या कितीतरी आधी सत्यशोधक जलसे आणि भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरून गाण्यातून प्रबोधन करत होते. बोलीभाषा, रोखठोक सवाल आणि समोर बसलेली वस्ती हे दोन्हीकडे सारखंच. आज अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे ‘१०० आरबीएच’, हाच वारसा घेऊन २०२४ मध्ये एमटीव्ही हसलच्या चौथ्या पर्वापर्यंत पोहोचला. मोठं शहर किंवा मोठी कंपनी पाठीशी नसतानाही आवाज लांब जाऊ शकतो, हे त्यातून दिसतं.

पण आवाज पोहोचणं वेगळं आणि हक्क राखणं वेगळं. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी महाराष्ट्रभर गायली जातात, पण कित्येकदा कवीचं नाव न घेताच. कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो, म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. आपल्यापैकी किती आयोजकांना हे ठाऊक आहे?

बीट कुणाचा?

अमेरिकेतल्या लिल नॅस एक्स या तरुणाने इंटरनेटवरून ३० डॉलरला बीट घेतला आणि डिसेंबर २०१८ मध्ये ‘ओल्ड टाउन रोड’ हे कंट्री-रॅप गाणं स्वतःच प्रसिद्ध केलं. मोठ्या कंपनीशी करार त्यानंतर झाला. २०१९ मध्ये हे गाणं तिथल्या मुख्य यादीत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. मात्र त्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या बँडच्या जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा होता. शेवटी त्या संगीतकारांनाही श्रेय द्यावं लागलं.

आपल्या मुलांनी यातून एवढं घ्यावं: ‘फ्री बीट’ म्हणून उतरवलेला बीट बहुतेक वेळा कमाईसाठी मोकळा नसतो. स्वस्तात भाड्याने मिळणारा बीट आणखी दहा जणांकडेही असू शकतो. त्यातल्या एकाने तो यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदवला, की आपल्या गाण्यावर दावा लागतो आणि जाहिरातीचे पैसे अडकतात. म्हणून परवाना लेखी घ्यावा आणि जपून ठेवावा. त्याहून चांगलं म्हणजे गावातल्याच हलगी, ढोलकी वाजवणाऱ्यांना सोबत घेऊन बीट स्वतः तयार करावा आणि त्यांचं नाव व वाटा आधीच ठरवावा.

पैसा कुठून येतो?

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहणं लागतं. किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. त्यानंतर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरात उत्पन्नातले ५५ टक्के कलावंताला मिळतात. गीतकार आणि संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था आहे. गाणं सार्वजनिक ठिकाणी किंवा प्रसारणात वाजलं की त्याची रॉयल्टी ती सभासदांना देते. याशिवाय उरतात ते कार्यक्रम. गावाकडच्या कलावंताची रोख कमाई बहुधा तिथूनच होते.

सही करण्याआधी

गाणं रचलं त्या क्षणी कॉपीराइट तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर करार लेखी आणि सहीचा हवा. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून ‘कायमचे’, ‘जगभर’ असे शब्द दिसले की थांबायचं आणि वकिलाला दाखवायचं. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण दिलं आहे. आणि हक्क विकला तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे लेखकाकडेच राहतो.

गाणं टोचलं तर

२०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर सत्तांतरावरच्या रॅपसाठी अंबरनाथला गुन्हा नोंदला गेला. त्याच सुमारास उमेश खाडेवर वडाळ्यात गुन्हा दाखल झाला. दोघांचीही गाणी राजकारणावर टीका करणारी होती. स्वतंत्र कलावंताच्या मागे कंपनीचा वकील नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर परभणीने काय भोगलं, ते आपण पाहिलं आहे. पोलीस ठाण्याचं बोलावणं आलं तर कुणाला फोन करायचा, हे इथल्या मुलांना आधीच माहीत असायला हवं.

म्हणून जयंती मंडळांनी आणि विहार समित्यांनी चार गोष्टी कराव्यात. डीजेच्या खर्चातला काही भाग गावातल्या कलावंताच्या मानधनासाठी ठेवावा. मंचावरून गीतकाराचं नाव घ्यावं. तालुक्यातल्या एखाद्या वकिलाकडून वर्षातून एकदा करार आणि कायद्याचं शिबिर घ्यावं. आणि रॅप करणाऱ्या मुलींनाही तोच मंच, तेच मानधन द्यावं.

टाळ्या आपण शाहिरांनाही भरपूर दिल्या. या पिढीला टाळ्यांसोबत तिचा हिशोबही मिळाला पाहिजे.