प्राथमिक स्तरावरील मराठी शुद्धलेखन

प्राथमिक स्तरावरील मराठी शुद्धलेखन म्हणजे इयत्ता पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यांनी मराठी लिहिताना पाळणे अपेक्षित असलेले ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरे, विरामचिन्हे आणि वाक्यरचना यांविषयीचे संकेत. हे संकेत मुख्यतः मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या व महाराष्ट्र शासनाने मान्य केलेल्या अठरा नियमांवर आधारलेले आहेत. त्यांपैकी चौदा नियम १९६२ साली मान्य झाले व १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. अलीकडे काही अभ्यासक 'शुद्धलेखन' या शब्दाऐवजी 'प्रमाणलेखन' हा शब्द वापरतात. त्यामागील कारणे पुढे दिली आहेत.

महाराष्ट्रात २०२० साली झालेल्या अधिनियमानुसार सर्व माध्यमांच्या व सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय टप्प्याटप्प्याने अनिवार्य करण्यात आला. त्यामुळे ज्यांचे स्वतःचे शिक्षण मराठीतून झालेले नाही, अशा पालकांनाही मुलांच्या वहीतील लाल खुणांचा अर्थ लावावा लागतो. जे मराठीतून शिकले, त्यांची अडचण वेगळी असते. घरातील वडीलधाऱ्यांनी पाठ केलेले नियम आणि मुलांच्या पुस्तकातील नियम पुष्कळदा जुळत नाहीत.

== पार्श्वभूमी ==

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली, तर मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. १९६२ पूर्वीच्या लेखनात व्युत्पत्तीवरून सिद्ध होणारे, परंतु उच्चारात न येणारे अनुस्वार देण्याची पद्धत होती. 'नांव', 'पांच', 'कांहीं', 'घरें' अशी रूपे त्या काळी शुद्ध मानली जात. 'कवि', 'गुरु', 'मति' हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम, शब्द ऱ्हस्वान्त लिहिले जात. नव्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि 'कवी', 'गुरू', 'मती' ही दीर्घान्त रूपे प्रमाण ठरवली. जुनी पुस्तके, पोथ्या, लग्नपत्रिका व दुकानांच्या पाट्या यांतून मात्र जुनी रूपे अजूनही डोळ्यांसमोर येतात. आजोबा नातवाच्या वहीतील 'नाव' या शब्दावर अनुस्वार देतात, तेव्हा ते चुकत नसतात. ते आपल्या काळातील नियम पाळत असतात.

शासनाने २००९ साली प्रमाणित केलेल्या वर्णमालेत ॲ आणि ऑ या स्वरांचाही समावेश आहे. 'बॅट', 'बॉल' यांसारखे शब्द लिहिण्यासाठी ते लागतात. यामुळे बाराखडीची 'चौदाखडी' झाली, असे म्हटले जाते.

== ऱ्हस्व-दीर्घ ==

प्राथमिक वर्गांत सर्वाधिक चुका इकार आणि उकार यांच्या होतात. मराठी बोलताना ऱ्हस्व आणि दीर्घ यांतील फरक अनेकदा स्पष्ट ऐकू येत नाही. म्हणून 'कानाला ऐकू येते तसे लिही' हा सल्ला येथे अपुरा पडतो. शब्दात ते अक्षर कोठे आले आहे, हे पाहावे लागते.

शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहितात: पाटी, जादू, मोती, वस्तू. 'आणि', 'नि' तसेच 'अति', 'तथापि', 'परंतु' यांसारखी तत्सम अव्यये याला अपवाद आहेत. अकारान्त शब्दातील शेवटून दुसरे अक्षर, म्हणजे उपान्त्य अक्षर, इकारयुक्त किंवा उकारयुक्त असल्यास ते दीर्घ असते: मीठ, फूल, गरीब, वकील. शेवटचे अक्षर दीर्घ असल्यास उपान्त्य इकार-उकार ऱ्हस्व होतो: दिवा, किडा, महिना, पाहुणा.

पालकांचा गोंधळ बहुधा याच ठिकाणी होतो. 'मीठ' दीर्घ, पण 'मिठाचा' ऱ्हस्व. 'फूल' दीर्घ, पण 'फुलाला' ऱ्हस्व. 'चूक' दीर्घ, पण 'चुका' ऱ्हस्व. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे बदललेले रूप होते, त्याला सामान्यरूप म्हणतात आणि त्यात शब्दाचा शेवट बदलल्यामुळे उपान्त्य स्वर ऱ्हस्व होतो. मुलाने 'दुधात साखर घातली' असे बरोबर लिहिलेले असताना 'दूध हा शब्द दीर्घ आहे' असे सांगून पालक ते 'दूधात' करून देतात, हा प्रकार विरळा नाही. 'बहीण–बहिणीला', 'विहीर–विहिरीत', 'ऊस–उसाचा', 'मूल–मुलांना' अशा जोड्या एकत्र लिहून घेतल्यास नियम पाठ न करताही तो अंगवळणी पडतो.

तत्सम शब्दांना हे नियम लागू होत नाहीत आणि ही या नियमावलीतील खरी अडचण आहे. 'भूक' दीर्घ, पण 'सुख' ऱ्हस्व. 'वीस' दीर्घ, पण 'विष' ऱ्हस्व. 'शरीर' या शब्दाचे सामान्यरूप 'शरीरात' असेच राहते, 'शरिरात' होत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला शब्दाची व्युत्पत्ती ठाऊक असावी, ही अपेक्षा अवास्तव आहे. व्यवहारात असे शब्द वाचनातून डोळ्यांना परिचित होतात. परीक्षेच्या आदल्या रात्री नियम घोकून ते येत नाहीत. काही ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाने अर्थही बदलतो. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'शिर' म्हणजे डोके, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी.

समासात पहिले पद तत्सम ऱ्हस्वान्त असल्यास ते मूळ रूपात राहते. म्हणून 'कवी' दीर्घ असला तरी 'कविमन' ऱ्हस्व लिहितात व 'गुरू' दीर्घ असला तरी 'गुरुवर्य' ऱ्हस्व लिहितात. हा भाग वरच्या वर्गांचा असून पाचवीपर्यंत त्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

== अनुस्वार ==

उच्चारात अनुनासिक स्पष्ट येत असल्यास शीर्षबिंदू देतात: चिंच, गुलकंद, तंटा. दुसरा अनुस्वार व्याकरणाचा आहे. अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागल्यास तो द्यावा लागतो: मुलांनी, लोकांना, झाडांवर. आदरार्थी बहुवचनातही तो येतो: आजोबांनी, बाईंना, सरांकडे. 'मुलाने खाऊ आणला' या वाक्यात मुलगा एक आहे, 'मुलांनी खाऊ आणला' यात अनेक. टिंब विसरून 'मुलानी' लिहिल्यास दोन्हींपैकी कोणतेच रूप होत नाही.

बोलीतील उच्चार दाखवणारा अनुस्वार हा आणखी एक प्रकार. पाठ्यपुस्तकातील संवादात 'आईनं सांगितलं' असे छापलेले असते, तर प्रश्नाच्या उत्तरात 'आईने सांगितले' अशी अपेक्षा असते. संवादात पहिले रूप व इतर लेखनात दुसरे, असा संकेत आहे. दोन्ही रूपे आपापल्या जागी योग्य आहेत. एकाच परिच्छेदात त्यांची सरमिसळ केल्यास मात्र शिक्षक ती दाखवून देतात.

== जोडाक्षरे आणि र ==

जोडाक्षरांत 'र' हा वर्ण सर्वांत अवघड. 'प्रकाश', 'राष्ट्र', 'सूर्य' आणि 'तऱ्हा' या चार शब्दांत तो चार प्रकारे लिहिला जातो. अर्धा र आधीच्या अक्षरावर आघात देत असल्यास रफार देतात (सूर्य, कार्य), तर आघात नसल्यास ऱ असा लिहितात (कैऱ्या, पायऱ्या). 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन वाक्यांत एकीकडे विद्वान गुरू येतात, दुसरीकडे स्वयंपाक करणारे. 'दर्या' म्हणजे समुद्र व 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हे उदाहरणही वर्गात नेहमी दिले जाते.

== शब्द जोडून लिहिणे ==

मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात: रामने, शाळेसाठी, झाडाखाली, घरापुढे. हिंदीत 'राम ने', 'स्कूल के लिए' असे तोडून लिहितात आणि इंग्रजीतही असे शब्द सुटे असतात. त्यामुळे इतर माध्यमांतील मुले 'झाडा खाली' किंवा 'शाळे साठी' असे लिहितात. मोबाइलवरील संदेशांतून मोठ्यांनाही ही सवय लागलेली दिसते. 'च', 'ही' व 'देखील' हेही जोडूनच लिहावयाचे असतात: तूच, मीही, आईदेखील.

== विरामचिन्हे ==

मोडी लिपीत विरामचिन्हे नव्हती व शब्दही सलग लिहिले जात. आज मराठीत वापरली जाणारी विरामचिन्हे इंग्रजी वळणाची असून ती एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. या कामी मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा मानला जातो.

सुरुवातीच्या वर्गांत पूर्णविराम व प्रश्नचिन्ह आणि त्यानंतर स्वल्पविराम, उद्गारचिन्ह व अवतरणचिन्हे असा क्रम सामान्यतः असतो. मराठीत पूर्णविराम टिंबाने दाखवतात, हिंदीत उभ्या दंडाने. दोन्ही भाषा एकाच वेळी शिकणारी मुले त्यांची अदलाबदल करतात. प्रश्न अप्रत्यक्षपणे सांगितलेला असल्यास प्रश्नचिन्ह येत नाही: 'तू कधी येणार, असे आईने विचारले.'

== व्याकरण आणि लेखन ==

प्राथमिक स्तरावर व्याकरणाच्या व्याख्यांपेक्षा उपयोगावर भर असतो. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, लिंग, वचन व काळ यांची ओळख करून दिली जाते. लिंग ओळखण्यासाठी शब्दामागे तो, ती, ते लावून पाहतात: तो पाट, ती वाट, ते ताट. ज्या घरांत मराठी बोलली जात नाही, तेथील मुलांना हेच सर्वांत कठीण जाते, कारण निर्जीव वस्तूंचे लिंग ठरवण्यास कोणताही तर्क उपयोगी पडत नाही. 'वेळ' हा शब्द तर कालावधी या अर्थी पुल्लिंगी व ठरावीक क्षण या अर्थी स्त्रीलिंगी वापरला जातो.

लेखनाची सुरुवात अनुलेखनाने, म्हणजे पाहून लिहिण्याने, होते. त्यानंतर श्रुतलेखन, चित्रवर्णन, अपुरी गोष्ट पूर्ण करणे, पत्र व अनुभवलेखन हे प्रकार येतात. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धतीत गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदी असतात. 'स्वतःच्या शब्दांत लिहितो' ही नोंद 'शुद्ध लिहितो' या नोंदीहून वेगळी असते आणि पालकांनी या दोन्ही नोंदी स्वतंत्रपणे वाचणे आवश्यक असते. प्रत्येक चुकीच्या वेलांटीवर अडवलेले मूल पुढे चुका टाळण्यासाठी चार सोप्या वाक्यांतच निबंध संपवते, हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून पहिल्या खर्ड्यात आशयाकडे व दुसऱ्या खर्ड्यात लेखननियमांकडे लक्ष देण्याची पद्धत अनेक शाळांत वापरली जाते.

== बोली आणि प्रमाणलेखन ==

'पानी', 'कोन', 'लोनी' असे लिहिणारे मूल बहुतेक वेळा आपल्या घरात जसे बोलले जाते तसे लिहीत असते. महाराष्ट्राच्या अनेक भागांत 'ण' ऐवजी 'न' उच्चारला जातो. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या तसेच गोंडी, कोरकू, भिल्ली या भाषा घरी बोलणाऱ्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकातील मराठी काही अंशी नवी भाषाच असते. अशा रूपांना 'अशुद्ध' म्हटल्याने मुलाच्या घरची भाषाच हिणवली जाते, असा आक्षेप 'शुद्धलेखन' या संज्ञेवर घेतला जातो. 'प्रमाणलेखन' या शब्दात तसा दोषारोप नाही: घरी 'पानी' म्हणावे, वहीत 'पाणी' लिहावे आणि दोन्ही आपापल्या जागी असू द्यावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, पुढील परीक्षा, अर्ज व नोकऱ्या यांत प्रमाणलेखनच तपासले जात असल्याने ते शिकवण्यात ढिलाई केल्यास तोटा याच मुलांचा होतो.

== संदर्भसाधने ==

शंका आल्यास पाहण्यासाठी मो. रा. वाळंबे यांचे 'मराठी शुद्धलेखन प्रदीप' आणि अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' ही पुस्तके मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. लेखन-कोशात शब्दांबरोबर त्यांची सामान्यरूपेही दिलेली असल्याने 'दुधात' की 'दूधात' असा प्रश्न घरच्या घरी सोडवता येतो.